सडबरीची वारसनोंद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय: आपल्या रविवार पुरवणीतला दादाभाई नौरोजींवरचा लेख.

लेख आवडला, कात्रण काढून ठेवलं आहे. मात्र शेवटच्या परिच्छेदात लेखकाने जाता जाता लिहिलं आहे की, दादाभाईंच्या पन्नास वर्षं आधी डाइस सोम्ब्र नावाचा एक हिंदी धनिक ब्रिटिश संसदेत निवडून आला होता खरा, पण सडबरी नावाच्या ‘लाचखोर गावाने’ पैसे घेऊन त्याला निवडून दिलं होतं, म्हणून तो पहिला हिंदी खासदार धरायचा नाही. धरू नका. दादाभाई १८९२ साली मध्य फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी आले (तिथल्या टवाळखोरांनी त्यांच्या आडनावाचं ‘नॅरो-मेजॉरिटी’ करून टाकलं होतं), आणि पहिला मान त्यांचाच राहू द्या. माझं म्हणणं त्या गावाबद्दल आहे. ज्यांचा आपण दोन शब्दांत निकाल लावला ती माणसं कोण होती, हे मला थोडंफार कळलं आहे. शिवाय त्या निवडणुकीत खर्चलेल्या पैशाचा माग काढत गेलं की एक फाटा थेट आमच्या भागात येतो.

आधी माझी ओळख. मी निवृत्त तलाठी. चौतीस वर्षं नोकरी, सगळी जालना जिल्ह्यात, त्यातली सहा वर्षं असईच्या शेजारच्या सज्जात. मुलगी आणि जावई इंग्लंडात सफक परगण्यात असतात, सडबरीतच. मुलगी नर्स आहे. आम्ही दोघं दोनदा जाऊन आलो, दुसऱ्या वेळी चांगले साडेचार महिने राहिलो. नातीला शाळेत सोडलं की दुपारपर्यंत मला काम नसायचं. बायको म्हणायची, घरात येरझाऱ्या घालण्यापेक्षा बाहेर घाला.

सडबरी आपल्याकडच्या तालुक्याच्या गावासारखं गाव आहे. उंचवट्यावर बाजारचौक, गुरुवारी आणि शनिवारी बाजार. चौकात गेन्सबरो या चित्रकाराचा पुतळा, कारण तो १७२७ साली इथेच जन्मला. स्टूर नदी गावाला वळसा घालून जाते. चौकातून खाली उतरलं की सेंट ग्रेगरीचं चर्च. या चर्चमध्ये एका आर्चबिशपचं मुंडकं जपून ठेवलेलं आहे. नाव सायमन, गाव सडबरीच. राजाचा चान्सेलर होता. १३८१ साली माणशी कर बसवला म्हणून कुळं उठली, लंडनवर चालून गेली आणि त्यांनी त्याचं डोकं उडवलं. वसुली खात्यातल्या प्रत्येक माणसाने ते मुंडकं एकदा पाहून यावं, असं माझं मत आहे.

चर्च मागे टाकून थोडं चाललं की कुरणं लागतात. मी तिथेच अडकलो. गावाला इतकी लागून, नदीकाठची सपाट ओली जमीन, आणि तिच्यावर एकही बंगला नाही, गाळा नाही, प्लॉटिंगच्या खुणा नाहीत. गुरं चरताहेत, लोक कुत्री फिरवताहेत, दिवड नदीत सुळकन जावी तशी पोरं पाण्यात उतरताहेत. पहिल्याच दिवशी जावयाला विचारलं, ‘हे गायरान कुणाच्या नावे आहे?’ तो म्हणाला, ‘बाबा, तुम्ही रिटायर झालात.’

पण आमची सवय अशी की सातबारा पाहिल्याशिवाय जमीन दिसत नाही. गावातलं वाचनालय जुन्या धान्यबाजाराच्या दगडी इमारतीत आहे. गावाच्या इतिहासाचं तिथे एक कपाट आहे. इंग्रजी मला बेताचं येतं, पण जमिनीचे कागद कुठल्याही भाषेत सारखेच असतात: कुणी दिली, कुणाला दिली, कशाच्या बदल्यात, आणि भांडण कधी लागलं.

१२६० च्या सुमारास रिचर्ड डी क्लेअर नावाचा मोठा सरदार या गावचा धनी होता. त्याने नदीकाठचं चराऊ रान गावच्या हक्कदारांना वार्षिक रकमेवर देऊन टाकलं. हक्कदार म्हणजे सगळं गाव नव्हे, इथेच मेख आहे. गावात राहणारे पुष्कळ, पण ‘फ्रीमन’ थोडे. या शब्दाचं भाषांतर ‘स्वतंत्र माणूस’ असं करू नये, फसायला होतं. आपल्याकडे त्याला नेमका शब्द होता: मिरासदार. जुन्या मराठी गावात मिरासदार आणि उपरी असे दोन थर असत. उपरी कसेल, सारा भरेल, चार पिढ्या राहील, तरी उपराच. मिरासदाराची जमीन, मान आणि गावकीतला शब्द मात्र वंशपरंपरा चालायचा. सडबरीचे फ्रीमन हे गावचे मिरासदार. गावात दुकान मांडायचा, धंदा करायचा हक्क त्यांचा, गुरं कुरणावर सोडायचा हक्क त्यांचा, आणि संसदेसाठी मत देण्याचा हक्कही त्यांचाच. एलिझाबेथ राणीच्या काळापासून हे एवढंसं गाव लंडनला दोन खासदार पाठवत होतं. १८३२ पर्यंत ते निवडायचे फक्त फ्रीमेननी. उपऱ्यांनी बघत बसायचं.

फ्रीमन व्हायच्या वाटा मुख्यतः दोन. बाप फ्रीमन असेल तर मुलाने वयात आल्यावर जायचं, शपथ घ्यायची, वहीत नाव लावायचं. किंवा कुणा फ्रीमनकडे साधारण सात वर्षं उमेदवारी करायची, धंदा शिकायचा आणि मग नाव लावायचं. काही गावांत बारकावे असे की बाप फ्रीमन झाल्यानंतर जन्मलेलाच मुलगा चालेल, आधीचा चालणार नाही. मी हे वाचून मांडीवर थाप मारली. आमच्याकडे गाव नमुना सहा-क असतो, वारसा प्रकरणांची वही. मयताचं नाव, तारीख, वारस कोण, नातं काय. सडबरीची फ्रीमेनची वही म्हणजे शुद्ध सहा-क. घराणी त्या वहीतूनच टिकली. आजही इंग्लंडात अशी घराणी आहेत, ज्यांना आपला खापरपणजा लोहार होता की विणकर हे त्या नोंदीवरून सांगता येतं. आपल्याकडे हे हेळव्याच्या वहीवरून नाहीतर त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या चोपडीवरून सांगतात.

दुसऱ्या गावांच्याही गमती वाचल्या. उत्तरेकडे अ‍ॅनिक नावाचं गाव आहे. तिथे नव्या फ्रीमनला २५ एप्रिलला, सेंट मार्कच्या दिवशी, माळावरच्या चिखलाने भरलेल्या डबक्यातून पार व्हावं लागे. का, तर म्हणे जॉन राजा कधीकाळी तिथे रुतला होता आणि त्याने रागाने हुकूम सोडला की यापुढे तुम्हीही रुता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चाललं. ब्रिस्टलसारख्या शहरात आणखी एक वाट होती, फ्रीमनच्या मुलीशी किंवा विधवेशी लग्न केलं की नवरा फ्रीमन व्हायचा. म्हणजे लेकीने हक्क माहेराहून सासरी वाहून न्यायचा. तिच्या स्वतःच्या नावावर काही नाही. या मुद्द्याकडे मी शेवटी येणार आहे. पत्र लांबलं म्हणून आपण कात्री लावणार असाल तर डबकं कापा, लेकी कापू नका.

आता मतविक्रीबद्दल. ती झाली, यात शंकाच नाही, आणि १८४१ मध्येच झाली असंही नाही. १७६१ साली सडबरीने आपण विकायला आहोत अशी उघड जाहिरात दिली होती. दोन जागा असल्याने प्रत्येक मतदाराला दोन मतं. मतदान गुप्त नव्हतं, ते १८७२ साली आलं. म्हणजे नाव पुकारलं की मोठ्याने सांगायचं, अमुक साहेब आणि अमुक साहेब. पैसे देणाऱ्याला माल मिळाला की नाही ते तिथल्या तिथे कळायचं. पोटापाण्यासाठी बाहेरगावी गेलेले फ्रीमनसुद्धा मतदानाला परत आणले जात, गाडीभाडं आणि जेवणखाण उमेदवाराकडून. मतदानाच्या आदल्या रात्री जीपा भरून मुंबई-पुण्याहून येणारी आपली माणसं मी पाहिली आहेत. त्यामुळे मला तिथलं चित्र डोळ्यांपुढे आणायला फार कष्ट पडले नाहीत.

पण हे फ्रीमन कोण? आपल्या लेखातून वाटतं, पोट सुटलेले दलाल असतील. त्यातले कित्येक हातमागावरचे विणकर होते. लंडनमध्ये स्पिटलफील्ड्सला रेशमाचे माग होते. १७७३ साली तिथे मजुरीचे दर कायद्याने बांधून दिले, तेव्हा मालकांनी काम स्वस्त मजुरीच्या गावांत हलवलं. सडबरी त्यांपैकी एक. आधीपासून इथे लोकरीचं विणकाम होतंच. आजही तिथे रेशमाच्या गिरण्या चालू आहेत. राजपुत्र चार्ल्सशी लग्न करताना डायनाने घातलेल्या पोशाखाचं रेशीम इथलंच. विणकरांची जुनी घरं अजून उभी आहेत. तीन मजली, अरुंद, आणि मधल्या मजल्याला अंगापेक्षा मोठी खिडकी, मागावर उजेड पडावा म्हणून. पैठणला मी मागावर वाकलेल्या माना पाहिल्या आहेत. ही खिडकी कशासाठी ते मला कुणी सांगावं लागलं नाही. १८२६ मध्ये सरकारने फ्रेंच रेशमावरची बंदी उठवली आणि या मजल्यांवरची चूल मंदावली. १८३५ च्या नगरपालिका कायद्याने धंद्याची मक्तेदारीही गेली, कुणीही येऊन दुकान टाकावं. फ्रीमनपणातून काय उरलं? कुरण आणि मत. कुरणावर सोडायला गाय असावी लागते. विणकराकडे गाय कुठली? त्याच्याकडे बापाकडून आलेली विकण्याजोगी एकच मिळकत होती, पाच-सात वर्षांतून एकदा पिकणारी.

मी लाचेचं समर्थन करत नाही. चौतीस वर्षांत माझ्या टेबलाखालून काही गेलं नाही असं सांगितलं तर आमच्या तालुक्यात कुणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून तेही सांगत नाही. एवढंच म्हणतो की मत ही त्या माणसांच्या लेखी वतनासारखी वडिलोपार्जित चीज होती, आणि गरजेला माणूस वडिलोपार्जित चीज विकतो किंवा गहाण टाकतो. देशमुखी आणि पाटीलकीची विक्रीखतं आपल्या जुन्या दप्तरांत ढिगाने आहेत. ती वाचून आपण कुणी ‘भ्रष्ट गाव’ म्हणत नाही, ‘ऐतिहासिक साधनं’ म्हणतो.

१८४१ च्या उन्हाळ्यात या विणकरांपुढे जो गिऱ्हाईक म्हणून आला तो डेव्हिड ऑक्टरलोनी डाइस सोम्ब्र. जन्म १८०८, मेरठजवळ सरधना इथे. सरधन्याची जहागीरदारीण बेगम समरू हिने त्याला वाढवलं, दत्तक घेतलं. बेगमेचा नवरा वॉल्टर राइनहार्ट हा युरोपातून आलेला भाडोत्री सेनापती. त्याला ‘सोम्ब्र’ म्हणत, त्याचं आपल्या लोकांनी ‘समरू’ केलं. तो १७७८ मध्ये वारला आणि पलटणींची सूत्रं या बाईने हातात घेतली. काश्मिरी म्हणा, नाचणारी म्हणा, लोक काहीही म्हणोत, तिने जवळजवळ साठ वर्षं जहागीर राखली. पुढे ती कॅथलिक झाली. सरधन्याचं मोठं चर्च तिनेच बांधलं. डाइस सोम्ब्र हा राइनहार्टच्या पहिल्या बायकोच्या वंशातला, मुलाच्या मुलीचा मुलगा. म्हणजे बेगमेच्या रक्ताचा नव्हे.

आता तो फाटा. २३ सप्टेंबर १८०३ ला असईला लढाई झाली. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजा, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्याने वॉटर्लू जिंकली, तरी म्हातारपणी विचारलं तेव्हा आयुष्यातली सर्वांत उत्तम कामगिरी म्हणून एकच शब्द उच्चारला: ‘असई.’ त्या दिवशी शिंद्यांच्या बाजूने उभ्या असलेल्या कवायती पलटणींत बेगम समरूच्या पलटणी होत्या. त्या बाजारबुणगे आणि सामान राखायला मागे ठेवलेल्या होत्या, म्हणून शिंद्यांच्या इतर कंपूंसारख्या कापल्या गेल्या नाहीत, बऱ्याचशा शाबूत परत फिरल्या. बेगम शहाणी. तिने वारा ओळखला आणि लवकरच कंपनीशी जुळवून घेतलं. जहागीर हयातभर तिच्याकडे राहिली. १८३६ च्या जानेवारीत ती गेल्यावर कंपनीने जहागीर खालसा केली. पण तिची खासगी संपत्ती, पाच लाख पौंडांच्या वर, डाइस सोम्ब्रला मिळाली. असईच्या रानात पडलेले तोफांचे गोळे माझ्या सज्जातले लोक अजून नांगरताना सापडल्याचं सांगत. त्या रानात पगारी पलटणी उभ्या करणाऱ्या खजिन्यातले पैसे अडतीस वर्षांनी सफकच्या विणकरांच्या खिशात गेले. मला हे कळलं तेव्हा मी वाचनालयात एकटाच होतो, आणि सांगायला जवळ मराठी माणूस नव्हता. घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हणजे आपलेच पैसे.’

डाइस सोम्ब्र १८३८ मध्ये इंग्लंडात पोचला. १८४० मध्ये व्हायकाउंट सेंट व्हिन्सेंटच्या मुलीशी लग्न केलं. पुढच्या वर्षी सडबरीच्या दोन जागांसाठी व्हिलियर्स नावाच्या जोडीदाराबरोबर उभा राहिला. दोघेही आले, हातांच्या बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी. कॅथलिक, काळासावळा, सरधन्यात फारसी-हिंदुस्थानीत वाढलेला हा माणूस त्या गावाने निवडला. पैसे घेऊन निवडला हे खरं. पण पैसे देणारे गोरे उमेदवारही आधीच्या प्रत्येक निवडणुकीत होतेच, त्यामुळे रंग बघून दर ठरला असं काही मला दिसलं नाही. एप्रिल १८४२ मध्ये संसदेच्या समितीने दोघांची निवड रद्द केली. दोघांच्या एजंटांनी लाच वाटली असं ठरलं. खुद्द त्यांनी वाटली असं नव्हे, एजंटांनी. जगात सगळीकडे एजंटच वाटतात.

पुढे त्याचं वाईट झालं. सासर आणि बायकोशी बिनसलं. १८४३ मध्ये चान्सरी कोर्टाच्या चौकशीत त्याला वेडा ठरवलं आणि मिळकतीवरचा हक्क काढून घेतला. तो पॅरिसला पळाला, डॉक्टरांकडून दाखले मिळवले की मी शहाणा आहे, आठ वर्षं झगडला. १ जुलै १८५१ ला लंडनमध्ये वारला तेव्हाही कायद्याने वेडाच होता. पुढे त्याचे अवशेष सरधन्याला नेले. तिथल्या चर्चमध्ये त्याने रोमच्या शिल्पकाराकडून करवून घेतलेलं बेगमेचं संगमरवरी स्मारक आहे, त्यात तोही आहे.

आणि गावाचं काय झालं? सरकारने चौकशी आयोग बसवला, आणि १८४४ साली कायदा करून सडबरीच्या दोन्ही जागा कायमच्या काढून घेतल्या. एका पिढीच्या पापाला वंशपरंपरा शिक्षा. ज्यांनी पैसे घेतले नव्हते त्यांचीही मतं गावाची म्हणून गेली. यॉर्कशरमधलं बेव्हर्ली हेही फ्रीमेनचंच गाव, त्याचीही १८७० मध्ये तीच गत झाली.

आता ही गोष्ट बघा. बेव्हर्लीला वेस्टवुड नावाचं मोठं गायरान आहे. १३८० साली यॉर्कच्या आर्चबिशपने ते गावच्या हक्कदारांना दिलं. तिथले फ्रीमन आजही दरवर्षी मतदान करून बारा ‘पाश्चर मास्टर’ निवडतात. कुरणाचे बारा कारभारी. गुरं किती, कुठल्या तारखेला सोडायची, कुंपण कुणी नीट करायचं, हे ते बघतात. सडबरीला १८९७ मध्ये कुरणांचा कारभार एका धर्मादाय न्यासाकडे दिला, तो अजून चालतो. म्हणजे ज्या दोन गावांनी संसदेची मतं भाजीसारखी विकली, त्यांनी गायरान विकलं नाही. साडेसातशे वर्षांत इंग्लंडातली कितीतरी गावरानं कुंपणं घालून जमीनदारांनी गिळली, आणि ही उरली. का उरली याचं माझ्यापुरतं उत्तर असं की मत एकेकाचं होतं, कुरण सगळ्यांचं मिळून. एकट्याला विकता येईल ते विकलं गेलं. ज्याला सगळ्यांची सही लागेल त्याची सही कधी पूर्ण झाली नाही. फेरफाराचं काम केलेल्या कुणालाही विचारा. सामाईक गटाची विक्री एका नाठाळ भावामुळे अडते. त्या भावाला आम्ही शिव्या द्यायचो. आता वाटतं, त्याच्यामुळे काही जमिनी वाचल्याही असतील.

माझ्या हाताखाली जी गायरानं होती त्यांच्यावर आज काय उभं आहे ते लिहीत नाही, अर्धं मला माहीत असूनही लिहीत नाही.

आता लेकींचं. मुलीच्या शेजारी एक आजीबाई राहतात, ऐंशीच्या पुढच्या. वडील फ्रीमन, आजोबा फ्रीमन, त्यामागे किती कोण जाणे. सात पिढ्या तरी, त्या म्हणाल्या. भाऊ वयात आल्यावर वहीत चढला आणि नंतर ऑस्ट्रेलियाला गेला. तिथून वर्षाला एक ख्रिसमसचं कार्ड यायचं. या बाई जन्मभर त्या कुरणाच्या कडेला राहिल्या, वडिलांचं म्हातारपण काढलं, पण वहीत नाही. सुरुवातीपासूनची रीत, मुलगाच. इंग्लंडात राणी गादीवर बसू शकत होती, पंतप्रधान बाई होऊन गेली, पण फ्रीमनची मुलगी फ्रीमन होऊ शकत नव्हती. २००९ साली संसदेने स्थानिक लोकशाहीबद्दल एक मोठा कायदा केला, त्यात एक बारकं कलम घातलं: फ्रीमनच्या मुलाला जिथे हक्क आहे तिथे मुलीलाही असेल. ते २०१० च्या जानेवारीत लागू झालं. कुरण १२६० चं, कलम २०१० चं. वजाबाकी आपण करा.

आजीबाईंना मी विचारलं, मुलगी मध्ये दुभाषी म्हणून बसली होती, ‘मग तुम्ही लावलंत का नाव?’ त्या म्हणाल्या, लगेच नाही लावलं. इतकी वर्षं नाही तर आता कशाला, असं वाटलं. मग त्यांच्या मुलीने भुणभुण लावली. आई चढल्याशिवाय लेकीला चढता येणार नव्हतं. म्हणून गेल्या, शपथ घेतली, सही केली. फोटो आहे, दिवाणखान्यात घड्याळाखाली लावलेला. टोपी घातली आहे आणि चेहऱ्यावर फोटो काढणाऱ्याबद्दलचा राग स्पष्ट दिसतो. पुढे त्यांची मुलगी चढली. ऑस्ट्रेलियातल्या भावाने अभिनंदनाचं पत्र पाठवलं का, हे मी विचारायला गेलो तर मुलीने भाषांतर करायला नकार दिला.

मग त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे लेकींची नावं लागतात का.

मी म्हणालो, लागतात. तुमच्या आधीपासून. १९९४ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला, २००५ मध्ये सगळ्या देशाने. मुलीला मुलासारखाच जन्मापासून हिस्सा. वारसनोंदीत आई, भाऊ, बहिणी, सगळी नावं लावल्याशिवाय आम्ही नोंद धरत नाही. मी स्वतः शेकडो लावली आहेत. आजीबाई माझ्याकडे जरा आदराने बघू लागल्या. माझ्या मुलीने एवढं भाषांतर नीट केलं.

त्यापुढचं मी बोललो नाही, म्हणून तिला करावं लागलं नाही. लावलेल्या त्या नावांपैकी बहुतेक बहिणींची नावं महिना-दोन महिन्यांत हक्कसोडपत्राने कमी झाली. राखीपौर्णिमेच्या आसपास जास्त. बहीण माहेरी आली की भाऊ साडी घेतो आणि येताना तिला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत घेऊन जातो. आमचे वडील १९९८ मध्ये गेले. केळणाकाठी साडेसहा एकर. माझ्या बहिणीनेही सही केली. नोंद माझ्या सज्जातली नव्हती, शेजारच्या तलाठ्याने केली, आणि माझा सहकारी म्हणून एका दिवसात केली. साडी मी पैठणहून आणली होती.

मुलगी मला घरी येताना म्हणाली, ‘बाबा, आत्यांचं सांगायचं राहिलं.’ मी म्हणालो, पाऊस येतोय, पाय उचल.

तर संपादक महाशय, डाइस सोम्ब्रचं नाव पुढच्या वेळी छापाल तेव्हा गावाला ‘लाचखोर’ म्हणायचं तर म्हणा, पण सोबत ‘गायरान शिल्लक असलेलं’ हेही म्हणा. आणि लेखात त्याच्या नावाचं ‘डायस सोंब्रे’ छापलं आहे तेही दुरुस्त करावं, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त तलाठी
भोकरदन, जि. जालना